गेम खेळून गणित येतं का, सर?

“सर, मोबाइलवर गणिताचे गेम असतेत म्हणं. ते खेळून लेकराला खरंच गणित येतंय का, का नुसतीच डोळ्याची खराबी?”

लातूर-नांदेडकडच्या पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्या बापाच्या डोळ्यांसमोर दोन चित्रं असतात. एकीकडे ट्यूशन एरियातल्या पाट्या, टेस्ट सिरीज, पहाटे साडेपाचची बॅच. दुसरीकडे घरी पांघरुणात तोंड घालून मोबाइलवर अंगठा चालवणारं पोरगं. या दोन चित्रांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हेच त्याला पटत नाही.

या प्रकरणात त्या बापाला सरळ उत्तर द्यायचा प्रयत्न आहे. उत्तर ‘हो’ असं आहे, पण त्याला अटी आहेत. त्या अटी समजायच्या तर आधी खेळाच्या पोटात शिरून गणित नेमकं कुठे बसलंय ते पाहावं लागेल.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवू. ‘ऑनलाइन गेम’ म्हटलं की अनेक घरांत रमी आणि पैसे लावायचे खेळच आठवतात, आणि त्यात पोळलेली घरं आपल्याकडे कमी नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली. करमणुकीचे आणि शिक्षणाचे खेळ त्या कायद्याने वेगळे ठेवले आहेत. आपण बोलतोय ते फक्त या दुसऱ्या जातीच्या खेळांबद्दल.

१. वकट, लेंड, मूंड, नाल

मोबाइलच्या आधीही आपली पोरं खेळातच मोजायला शिकत होती. विटी लांब गेली की दांडूने अंतर मोजायचं आणि मोजताना म्हणायचं : वकट, लेंड, मूंड, नाल. हे शब्द कुठून आले म्हणून पुण्याच्या माणसाला विचारा, सांगता येणार नाही. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या लेकरांना ते लगेच ओळखू येतात, कारण शिवेपलीकडे तेलंगणात ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू म्हणजेच एक, दोन, तीन, चार.

या खेळात मापनाचा सगळा पाया आहे. दांडू एकच वापरायचा. जिथे तो संपला तिथूनच पुन्हा टेकवायचा, मध्ये फट ठेवायची नाही. फट ठेवली की समोरचा पोरगा भांडायला उठतोच. पाठ्यपुस्तकात ‘प्रमाणित एकक’ म्हणून जे येतं, ते मैदानात भांडणातून पक्कं झालेलं असतं.

आता हीच गोष्ट सापशिडीत पाहू.

मागच्या दिवाळीत उदगीरला बहिणीकडे गेलो होतो. भाचा दुसरीत. मोबाइलवर सापशिडी चाललेली. अंगठ्याने फासा दाबायचा, सोंगटी आपोआप टुक टुक करत पुढे जायची, आणि हा तोवर फराळाच्या ताटाकडे बघायचा. मी स्क्रीनवर हात ठेवला. “थांब. तू २७ वर आहेस. पाच पडले. सोंगटी कुठं जाईल?”

त्याने बोटं उघडली. “अठ्ठावीस... एकोणतीस...” आणि मग जरा थांबून, “एकोणचाळीस?”

चूक गोड होती, पण कारण खोल होतं. मराठीत २९ ला आपण ‘तीसला एक कमी’ म्हणतो. डोळ्याला समोर २ दिसतो, तोंडात मात्र तीस येतो. २१ पासून २८ पर्यंतही उलटंच : आधी एक, मग वीस. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत दिली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. ती पद्धत ठेवावी की नाही यावर वाद असू शकतो. पण त्यांनी बोट ठेवलेली अडचण खरी होती, आणि ती मी त्या दिवशी भाच्याच्या तोंडावर पाहिली.

आम्ही नियम बदलला. फासा दाबला की सोंगटी हलायच्या आत त्याने घर सांगायचं. बरोबर आलं तर त्याचा आवाज चढायचा, चुकलं तर सोंगटीच दाखवून द्यायची. तासाभरात एकोणतीसनंतर तीस पक्कं झालं.

२. दोन लिंबांच्या मधली दोरी

सापशिडीत नक्की काय शिकलं जातं? त्यासाठी एक कल्पना आधी समजून घेऊ. दोन लिंबाच्या झाडांना एक दोरी बांधली आहे. एका टोकाला ०, दुसऱ्या टोकाला १००. आता लेकराला सांगा, “२० ची चिंधी कुठे बांधशील?” लहान मूल ती बरीच पुढे, जवळजवळ मध्यावर बांधतं. लहान आकड्यांना ऐसपैस जागा देतं, आणि ७०, ८०, ९० शेवटच्या वीतभर दोरीत कोंबतं. हळूहळू त्याला कळतं की १० आणि २० मधलं अंतर हे ८० आणि ९० मधल्या अंतराएवढंच असतं. या दोरीला गणितात संख्यारेषा म्हणतात. ज्याच्या मनात ही दोरी नीट ताणलेली आहे, त्याला बेरीज-वजाबाकीचं उत्तर अंदाजाने तरी आधीच दिसतं.

रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी या संशोधकांनी २००८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या गरीब घरांमधल्या बालवाडीच्या मुलांना त्यांनी १ ते १० आकड्यांची एक सरळ पट्टी दिली आणि सोंगटी पुढे नेण्याचा खेळ खेळवला. दोन आठवड्यांत चार वेळा, दरवेळी पंधरा मिनिटं, म्हणजे सगळा मिळून एक तास. दुसऱ्या गटाला तशीच पट्टी दिली, पण तिच्यावर आकड्यांऐवजी रंग होते. आकड्यांच्या पट्टीवर खेळलेली मुलं मोजण्यात, आकडे ओळखण्यात, लहान-मोठा आकडा सांगण्यात आणि दोरीवर आकडा बांधण्यात सुधारली. नऊ आठवड्यांनी पुन्हा तपासलं तरी ती सुधारणा टिकून होती. रंगांच्या पट्टीवाल्यांना हा फायदा झाला नाही.

पुढे २०१४ मध्ये सीगलर आणि एलिडा लास्की यांनी शंभरापर्यंतचा पट घेतला आणि एक बारकावा दाखवला. २७ वर असताना पाच पडले तर ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ म्हणत गेल्याने फारसं हाती लागत नाही. ‘अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस’ म्हणत गेलं पाहिजे. खेळ तोच, फासा तोच. तोंडाने काय म्हटलं त्यावर डोक्यात काय उतरलं ते ठरतं.

म्हणून ज्या गेममध्ये सोंगटी आपोआप चालते, त्यातून गणित काढून टाकलेलं असतं. ते परत घालायचं काम शेजारी बसलेल्या माणसाचं.

३. गणित दारावर की घरात?

बाजारात ‘मॅथ गेम’ म्हणून जे मिळतं, त्यातला मोठा भाग असा असतो : ७ × ८ किती? ५६ दाबलं की बंदूक उडते, गाडी पळते, नाणी पडतात. इथे गणित दारावरच्या राखणदारासारखं उभं असतं. त्याला पास दाखवायचा आणि आत मजा करायला जायचं. अशा खेळाने पाढे भराभर म्हणता यायला मदत होते, आणि तीही काही टाकाऊ गोष्ट नाही. पण ७ × ८ म्हणजे काय, हे ज्याला कळलेलं नाही त्याला तो खेळ ते कळवत नाही. लेकरू ५४, ५५, ५६ असं दाबत सुटतं. गेमला त्याचं काही वाटत नाही.

दुसऱ्या जातीच्या खेळात गणित घरातच राहतं. खेळायची चाल हीच गणिताची पायरी असते. याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे २०४८. हा खेळ गॅब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलाने मार्च २०१४ मध्ये तयार केला आणि फुकट खुला केला. चार ओळी, चार रकाने, सोळा घरं. बोट सरकवलं की सगळे ठोकळे त्या बाजूला सरकतात. दोन सारखे आकडे भिडले की एक होतात : २ आणि २ चे ४, ४ आणि ४ चे ८. दर चालीनंतर एका रिकाम्या घरात नवा ठोकळा येतो, बहुतेक वेळा २, कधीतरी ४. २०४८ चा ठोकळा झाला की जिंकलं.

लोहा तालुक्यातल्या एका गावात सहावीतली एक मुलगी हा खेळ खेळताना मी पाहिली. फोन वडलांचा, काचेला एका कोपऱ्यातून तडा गेलेला. ते रानातून परत आले की तिला अर्धा तास मिळायचा. तिची मजल २५६ पर्यंत गेली होती.

मी विचारलं, “बाळ, ६४ करायला दोनचे किती ठोकळे लागले असतील?”

ती क्षणभर गप्प. मग बोटाने चटईवरच लिहायला लागली. “६४ म्हणजे दोन बत्तीस. बत्तीस म्हणजे दोन सोळा, म्हणजे चार सोळा झाले. मग आठ आठ. सोळा चार. आणि... बत्तीस दोन.” मान वर करून म्हणाली, “६४ भागिले २ च की हो ते!”

हो, भागिले २ च. पण हे तिने स्वतः शोधलं. आता पुढचा प्रश्न : २०४८ व्हायला किती चाली लागतील? हे गणित वाचकानेही करून पाहावं, कारण यातली एक युक्ती फार सुंदर आहे.

ठोकळे भिडले तरी पटावरची एकूण बेरीज बदलत नाही. ४ आणि ४ ची बेरीज ८, आणि एकत्र झालेला ठोकळाही ८. जणू चिल्लर देऊन नोट घेतली, खिशातले पैसे तेवढेच. बेरीज वाढते ती फक्त नव्या ठोकळ्याने. मूळ खेळात दहापैकी सरासरी नऊ वेळा २ येतो आणि एक वेळा ४. म्हणजे दहा चालींत भर पडते ९ × २ + ४ = २२ ची. एका चालीला सरासरी २.२. पटावर २०४८ चा ठोकळा असायचा तर एकूण बेरीज निदान २०४८ हवीच. २०४८ भागिले २.२ म्हणजे सुमारे ९३१. तेव्हा कितीही हुशारीने खेळा, साधारण सव्वानऊशे चालींच्या आत हा खेळ जिंकता येत नाही.

खेळताना काय बदलतं आणि काय बदलत नाही हे ओळखणं, यावर पुढचं केवढं तरी गणित उभं आहे. सहावीतल्या मुलीला त्याची चव एका फुटक्या काचेवर मिळाली.

४. बडोद्याचे संगणक

एका मुलीची गोष्ट ऐकून बाप म्हणेल, “ती हुशारच असेल.” रास्त शंका आहे. म्हणून बऱ्याच मुलांवर केलेल्या एका प्रयोगाकडे जाऊ.

गुजरात सरकारने बडोद्याच्या महापालिका शाळांना चार-चार संगणक दिले होते. बहुतेक ठिकाणी ते पडूनच होते. ‘प्रथम’ या संस्थेने २००२ ते २००४ या काळात काही शाळांमधल्या चौथीच्या मुलांना त्या संगणकांवर गणिताचे खेळ दिले. आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुलं. खेळ मुलाच्या पातळीप्रमाणे सोपा-अवघड होत जायचा. कोणत्या शाळेत हे करायचं ते चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं होतं, म्हणजे ‘चांगल्या शाळाच निवडल्या’ अशी शंका राहू नये. या प्रयोगाचा हिशेब मांडणाऱ्यांमध्ये पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते.

काय निघालं? गणिताच्या गुणांप्रमाणे शंभर मुलं रांगेत उभी आहेत असं समजा. अगदी मधला मुलगा पन्नासाव्या जागी. पहिल्या वर्षानंतर, खेळ मिळालेला असाच मधला मुलगा साधारण चौसष्टाव्या जागेपर्यंत वर सरकला. दुसऱ्या वर्षी अडुसष्टाव्या. शिक्षणातल्या प्रयोगांत एवढी उडी क्वचित दिसते.

पण पुढचं पान उलटायला हवं. कार्यक्रम बंद झाल्यावर वर्षभराने पुन्हा पाहिलं, तेव्हा बरीचशी कमाई विरून गेली होती. तोच मुलगा चोपन्नाव्या जागेच्या आसपास.

लातूर पॅटर्न ज्यांनी जवळून पाहिला त्यांना यातला पहिला भाग ओळखीचा वाटेल. राजर्षी शाहू, दयानंद या महाविद्यालयांचं नाव बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांनी महाराष्ट्रभर केलं, त्यामागे जादू नव्हती. परीक्षा घ्यायची, पेपर लगेच तपासायचा, चूक मुलासमोर मांडायची आणि पुन्हा परीक्षा घ्यायची, हे न थकता करायचं. चूक आणि दुरुस्ती यांच्यातलं अंतर कमी करायचं. खेळ तेच करतो, फक्त आठवड्याऐवजी सेकंदात. शिवाय चुकल्याबद्दल वर्गात उभं राहावं लागत नाही, हे भित्र्या लेकरासाठी फार मोठं आहे.

दुसऱ्या भागाने मात्र सावध व्हायला हवं. मिळालेलं विरलं का? माझं मत असं की खेळात आलेलं गणित वहीत उतरवलं नाही, रोजच्या वर्गाशी जोडलं नाही, तर ते खेळापुरतंच राहतं. या मताला बळ देणारे दोन अनुभव पुढे आहेत.

५. पूल कोण बांधणार?

दिल्लीच्या वस्त्यांमधल्या बालवाड्यांत ‘प्रथम’च्याच मदतीने चार महिने गणिताचे खेळ खेळवले गेले. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ठिपक्यांचे दोन पुंजके दाखवले तर कुठे जास्त, वेगळा आकार कोणता, अशा गोष्टींत मुलं सुधारली, आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकली. पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या लिहायच्या गणितात ती इतरांपेक्षा पुढे नव्हती. अंदाज तीक्ष्ण झाला, पण ५ आणि + ही चिन्हं त्याला जोडली गेली नाहीत.

दुसरी गोष्ट बाजारातली. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल २०२५ मध्ये असंच दिसून आलं : गिऱ्हाइकाचा हिशेब ती तोंडी अचूक करतात, कागदावरच्या शाळेच्या गणितात अडतात. आणि नुसती शाळेत शिकलेली मुलं कागदावर करतात, बाजारात अडखळतात.

हे पाहायला कोलकात्याला जायची गरज नाही. उदगीरच्या किंवा मुखेडच्या आठवडी बाजारात वांग्याच्या ढिगाशेजारी बसलेल्या पोराला विचारा, “साठ रुपये किलो, दीड किलोचे किती?” तो पिशवीत वांगी टाकता टाकताच “नव्वद” म्हणेल. साठ आणि तीस. त्यालाच शाळेत ६० × १.५ घाला, तो दशांशचिन्ह कुठे द्यायचं यावर अडकेल. आपल्या आज्यांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असायची. तो बाजार आणि पाटी यांच्यामधला पूल होता. अपूर्णांकाचे पाढेच होते ते. शाळेतून ते गेले, तेव्हा तो पूलही गेला.

खेळाच्या बाबतीत हाच पूल बांधायचा आहे. गेम तो बांधत नाही, माणूस बांधतो. लोह्याच्या त्या मुलीने चटईवर बोटाने लिहिलं, ते वहीत पेनने लिहायला लावायचं : २, ४, ८, १६, ३२, ६४. मग शेजारी २ × २, २ × २ × २. सातवी-आठवीत घातांक समोर येतील तेव्हा ती म्हणेल, हे तर माझ्या ओळखीचे आहेत. सापशिडीत सांगितलेलं २७ + ५ = ३२ तिथल्या तिथे पाटीवर आलं पाहिजे. पंधरा मिनिटं खेळ झाला असेल तर पाच मिनिटं वही. आईला गणित येत नसेल तरी हरकत नाही. तिने एवढंच विचारावं, “हे तू कसं केलंस, मला सांग बरं.” सांगता सांगता लेकराला आपली चूक बहुतेक वेळा स्वतःच सापडते.

६. फोन एक, लेकरं तीन

आपल्या भागातली खरी अडचण इथे आहे. घरात स्मार्टफोन एक, तो दिवसभर बापाच्या खिशात, संध्याकाळी वीज असेल-नसेल. पण बडोद्यात एका संगणकावर दोन मुलं बसत होती, हे विसरू नका. दोघांनी एक फोन घेऊन खेळणं ही माझ्या मते चांगली गोष्ट आहे, कारण चाल करायच्या आधी दोघांना बोलावं लागतं, पटवावं लागतं. २०४८ सारखा खेळ एकदा उतरवून घेतला की इंटरनेट लागत नाही. जाहिराती आणि नाण्यांचा पाऊस असलेले गेम मात्र टाळाच. घड्याळ लावून घाई करणारे गेम नवी कल्पना शिकताना नकोत. आमच्या भागात मुलांना वेगाचं ओझं तसंही कमी नाही.

आणि ज्या वर्गात एकच फोन आहे, त्याच्यासाठी एक खेळ. फोन कॅल्क्युलेटरपुरता, बाकी सगळं फळ्यावर. हा खेळ द. रा. कापरेकरांचा. ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. मोठी पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही, आकड्यांवर मात्र निस्सीम प्रेम. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगभर त्यांचं नाव झालं.

नियम असा. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करायची. जे येईल त्याचं पुन्हा तेच.

वर्गाचे दोन गट करा, एक लातूर, एक नांदेड. लातूरकरांना १९८२ द्या, त्यांचा जिल्हा झाला ते साल. नांदेडकरांना १९९४, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं ते साल.

लातूर : ९८२१ − १२८९ = ८५३२. पुन्हा ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ७६४१ − १४६७ केलं तर परत ६१७४ च. दोन पायऱ्यांत गाडी थांबली.

नांदेड : ९९४१ − १४९९ = ८४४२. मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, आणि शेवटी ६१७४. सात पायऱ्या, पण स्टेशन तेच.

८०८२ ला पोरं हमखास अडतात, कारण उलटं लावल्यावर ०२८८ येतं आणि त्या शून्याचं काय करायचं ते कळत नाही. तिथे घाई करू नका, वाद होऊ द्या. मग कुणीतरी विचारेलच, “सर, आठ पायऱ्या लागणारी संख्या आहे का?” उत्तर देऊ नका. प्रत्येकाला आपलं जन्मसाल घेऊन बसू द्या, आणि वर्गातल्या आजोबांच्या वयाच्या शिपाईमामांना १९४८ द्या, मराठवाडा मुक्त झाला ते साल.